रोज बदलणारं दार

"छप्पर कापायला अक्कल लागत नाही, दार लावायला लागते," पिकअपच्या पोटाखालून कुणीतरी करवादलं.

ती खाली वाकली. ग्रीसने माखलेलं नाक, त्यावर तिरका चष्मा.

"मला म्हणालात?"

"नाही हो... मामांना. ते ऐकायला नसले की म्हणतो."

तो वेल्डर, कारखाना त्याच्या मामांचा. ती तपासनीस. उघड्या टपाची, बॅटरीवर चालणारी पिकअप जमेल की नाही, एवढं सांगायचं आणि आपल्या गावी परतायचं. काम चार दिवसांचं. मामांचा मात्र त्या गाडीत जीव अडकलेला, म्हणून 'नाही' हा शब्द तिथे कुणी ओठांवर आणत नसे.

परीक्षा साधी होती. एक चाक ठोकळ्यावर चढवायचं आणि दार लावून बघायचं. छप्पर नसलं की गाडी पिळवटते, दार अडतं. खाली लोखंड जोडलं की दार लागतं, पण वजन वाढतं आणि एका चार्जमध्ये गाडी निम्म्या वाटेत मान टाकते.

पण हे दार भलतंच लहरी. आज लागायचं, उद्या अडायचं. अहवाल लिहिणार कसा? चाराचे एकवीस दिवस झाले.

बाविसाव्या सकाळी ती लवकर आली. तो बिजागरीचा स्क्रू सैल करत होता.

"काल घट्ट केला होतात ना?" तिने शांतपणे विचारलं.

स्क्रूड्रायव्हर त्याच्या पायावर पडला. "तुम्हाला... कधी कळलं?"

"आठव्या दिवशी. स्क्रूचा रंग उडाला होता."

"मग बोलला का नाहीत?"

ती ठोकळ्यावरची धूळ पुसू लागली. धूळ काही नव्हतीच.

तेवढ्यात मामा आले. दोघांचे चेहरे पाहून थबकले. "काय झालं?"

तिने श्वास घेतला. "मामा, या सांगाड्यावर गाडी जमणार नाही. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला."

मामांनी कापलेल्या कडेवरून हलकेच हात फिरवला.

"मलाही दिसलं होतं," ते म्हणाले. "पण मग तीन आठवडे तुम्ही दोघं दाराशी काय खेळत होतात?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मामा... या जाऊ नयेत म्हणून."