ओमुना

ताई दिवसभर लोकांचे कान तपासायची. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली तिची. त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली होती: जाड दाराची, आतून राखाडी फोमनं मढवलेली, एकच काचेची खिडकी असलेली. सगळे तिला बूथ म्हणत. पेशंटनं आत बसायचं, हेडफोन लावायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. ताई बाहेर, काचेमागे, मशीनवर. बूथचं दार लागलं की रस्त्यावरच्या गाड्या, पंखा, लिफ्ट सगळं नाहीसं व्हायचं आणि माणसाला स्वतःच्या गिळण्याचा आवाज येऊ लागायचा. "मॅडम, आत जीव घाबरतो हो," असं कुणी ना कुणी रोज म्हणायचंच.

ताईला उलट तिथं बरं वाटायचं. इतकं, की पोटात मूल होतं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच आत जाऊन बसायची. दार ओढून घ्यायची, पोटावर हात ठेवायची आणि मुलीला नावानं हाक मारायची. मुलगीच आहे, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

नाव तिनं स्वतः घडवलं होतं. वय झालं की माणसाच्या कानातून आधी स, श, फ असले बारीक आवाज जातात. ओ, उ, म, न हे मात्र बरेच टिकतात. हे ती रोज बघत होती. तेव्हा मुलीचं नाव असं हवं, की थकल्या कानालाही लांबून ऐकू जाईल. ओमुना. ना कुठल्या पुस्तकात, ना कुठल्या भाषेत. अर्थही नाही. पोरगी मोठी होईल आणि तिचा ती लावेल, असं ताईनं ठरवून टाकलं होतं.

सातव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगीच होती, असं नर्स म्हणाली.

नाव ताईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कागदावर लिहिलं नव्हतं, नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. त्या बूथबाहेर तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. पुढं दुसरं मूल झालं नाही. घरात तो विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. हळूहळू विषय निघेनासा झाला.

मग काही वर्षांनी धाकट्या बहिणीला मुलगी झाली. महिनाभरानं दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, नाव ठरलं! बसली आहेस ना? ऐक. ओमुना!"

ताई बसलेली नव्हती. ती बसली.

"अगं, आहेस ना? आवडलं नाही का? ह्यांनी नेटवर शोधलं. उगम माहीत नाही, अर्थ माहीत नाही आणि लोकप्रियतेपुढं चक्क शून्य. म्हणजे जगात आपलीच एक!"

"तुला कुणी सांगितलं हे नाव?"

"कुणी कशाला सांगायला हवं? सुचलं. सहावा महिना असेल. भांडी घासत होते, तर मागून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. मी वळून 'कोण आहे?' म्हणाले आणि मग माझं मलाच हसू आलं. पण नाव डोक्यात बसलं ते बसलंच."

"छान आहे," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नवरा घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच तिनं त्याला धरलं. "मी झोपेत बोलते का? कधी काही नाव ऐकलंस माझ्या तोंडून?"

"कसलं नाव?"

"आपल्या मुलीचं."

नवऱ्यानं बूट काढता काढता मान वर केली. "आपण नाव ठरवलंच कुठं होतं? तू मला तोंड तरी उघडू दिलंस का कधी?" मग खाली बघत म्हणाला, "माझ्याही मनात एक होतं. तू विचारलं नाहीस."

तेही तिनं विचारलं नाही. त्या घरात दोघं असेच राहायचे, एकमेकांना न विचारता.

ताई हिशेबी डोक्याची बाई. योगायोग म्हणून तिनं ते बाजूला सारलं. दोन बहिणी एका घरात वाढल्या, एकाच आईच्या बोलण्यावर कान तयार झाले. सुचूही शकतं. पण पटवून घेणं वेगळं आणि सहन करणं वेगळं. भाचीला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. 'पिल्लू' म्हणायची. धाकटीला ते खुपायचं. "नाव घेतलंस तर जीभ झिजणार नाही तुझी," असं ती एकदा चारचौघांत म्हणाली.

पिल्लू चार वर्षांचं झालं तेव्हाची गोष्ट. एके सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीनं बाहेर नाव पुकारलं, "ओमुनाबाई, आत या!"

दारातून आली ती काठी टेकत एक म्हातारी, नातसुनेचा हात धरून. कानाचं मशीन बसवायचं होतं. ताईनं तपासणी उरकली, मशीन बसवलं, आवाज जुळवला. हात नेहमीचं काम करत होते. शेवटी तिला राहवलं नाही.

"आजी, तुमचं नाव फार वेगळं आहे."

"वेगळं कसलं?" म्हातारीला आता स्पष्ट ऐकू येत होतं, त्यामुळे ती खुशीत होती. "आमच्या लहानपणी घराआड एक असायची. आता कुणी ठेवत नाही."

"अर्थ काय त्याचा?"

"मागे राहिलेली."

ताईनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मग लोकांनी ठेवायचं का थांबवलं?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. डोळे पाणीदार होते, पण नजर पक्की. "ठेवायला चांगलं आहे, बाई. हाक मारायला नाही. मला जन्मभर सगळे आक्काच म्हणत आले."

"चला आजी, उशीर होतोय," नातसून म्हणाली आणि तिला घेऊन गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी पिल्लूला घेऊन दवाखान्यात आली. चेहरा उतरलेला. "ताई, हिचे कान बघ. हाक मारली तर ढिम्म हलत नाही. बाकी सगळं ऐकते. बिस्किटाचा पुडा फाडला तर वरच्या मजल्यावरून धावत येते. पण नाव घेतलं की बहिरी. शाळेतल्या बाईही तेच म्हणतात."

लहान मुलांना बटण दाबायचं कळत नाही, म्हणून त्यांची तपासणी खेळातून करतात. ताईनं पिल्लूला बूथमध्ये छोट्या खुर्चीवर बसवलं. मांडीवर लाकडी ठोकळे, समोर प्लॅस्टिकची बादली. "शिट्टी वाजली की एक ठोकळा बादलीत टाकायचा. कळलं?" पिल्लूनं मान डोलावली. ताईनं दार लावलं. धाकटी बाहेर, तिच्या शेजारी स्टुलावर बसली. बूथमधला आवाज बाहेरच्या छोट्या स्पीकरवर येत होता.

शिट्टी. ठोकळा, टक्. आणखी बारीक शिट्टी. टक्. मोठ्या माणसांची चुकते ती शिट्टीही पिल्लूनं पकडली. दोन्ही कान स्वच्छ.

"आता नावानं हाक मार," धाकटी म्हणाली.

ताईचा हात मायक्रोफोनच्या बटणावर थांबला.

"मार ना गं!"

"ओमुना," ताई म्हणाली. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा.

पिल्लू ठोकळ्याशी खेळत राहिलं. मान वर नाही, पापणी हलली नाही.

"बघितलंस?" धाकटीचा आवाज रडवेला झाला. "परत मार. जोरात मार."

"ओमुनाऽ."

स्पीकरमधून आवाज आला. टक्.

ताईनं काचेतून पाहिलं. पिल्लूचे दोन्ही हात मांडीवर होते. ठोकळा मुठीत होता.

धाकटी स्टुलावरून उठली होती.

ताईनं बटण दाबलं. "पिल्लू, मावशीनं हाक मारली, ऐकू आली का?"

"हो."

"मग ओ का नाही दिलीस?"

पिल्लूनं आश्चर्यानं काचेकडे पाहिलं.

"तिनं दिली ना."

"कुणी?"

"जिला मारली तिनं."

पुढं जे झालं ते दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं, कारण तेव्हा बूथचं दार उघडं होतं. धाकटीनं पोरीला उचलून छातीशी धरलं आणि ताईवर कडाडली, "काय शिकवून ठेवलंयस हिला?" ताई म्हणाली, "मी काही शिकवलं नाही." आणि मग, बोलायचं नव्हतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. "ते नाव माझ्या मुलीचं होतं."

धाकटी पांढरीफटक पडली. "म्हणजे चार वर्षं मी माझ्या पोरीला तुझ्या मेलेल्या..." तिला पुढचं बोलवेना. दाराशी जाऊन ती वळली. "तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तू 'छान आहे' म्हणालीस."



महिन्याभरात पोरीचं नाव बदललं. बातमी आईकडून कळली. नवं नाव असं, की शाळेच्या एका वर्गात चार तरी सापडाव्यात. "आता एका हाकेला धावत येते गं पोर," आई म्हणाली. "तू मात्र फोन करू नकोस तिकडं. धाकटीनं तुझा नंबर बंद करून टाकलाय. मी समजावून दमले."

ताईला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग येऊ लागला, आणि तो दिवसेंदिवस वाढतच गेला. तिचं नाव. तिनं अक्षर अक्षर तोलून घडवलेलं. ते उचललं, चार वर्षं वापरलं आणि जुन्या कपड्यासारखं काढून फेकलं. आता ते कुणाचंच नव्हतं. जगली असती तर पोर यंदा नऊ वर्षांची झाली असती.

एका रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता. ताई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. खिडकीतून ऊन येत होतं. हातातला टॉवेल तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला, सरळ उभी राहिली आणि मोकळ्या गळ्यानं, खेळायला गेलेल्या पोरीला बोलवावं तशी हाक मारली.

"ओमुनाऽऽ!"

थांबली. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. ती बराच वेळ कान देऊन उभी होती. काही नाही. कुणी नाही. आपल्याच वेडेपणाची तिला लाज वाटली. तोंड धुऊन तिनं उरलेल्या घड्या घातल्या.

सकाळी कामावर निघाली, तर खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या.

"काय हो, काल घरी नव्हता का दुपारी?"

"होते की. का?"

"अहो मग दार का नाही उघडलंत? किती वेळ वाजवत होती बिचारी."

"कोण?"

"कोण काय! तुमच्याकडे आलेली मुलगी. आठ-नऊ वर्षांची असेल. वरून तुमची हाक ऐकू आली आणि ही 'आले, आले' करत माझ्या दारावरून धावत जिना चढली. मग धाडधाड दार वाजवत होती. 'आई, उघड ना' म्हणत होती. मला वाटलं, नात्यातली असेल, लाडानं म्हणत असेल."

काल त्या वेळी ताई आत, दारापासून चार पावलांवर उभी होती. कान देऊन.

"मी म्हटलं, बाळा, नसतील घरी, माझ्याकडे बस. तर नको म्हणाली." काकूंनी केरसुणी या हातातून त्या हातात घेतली. "रडत नव्हती हो. चिडली होती."

"मग?" ताईनं विचारलं. "कुठं गेली?"

"मावशीकडे जाते म्हणाली."