एका मशीनवर दोघं

त्या दिवशी अख्खा वर्ग का शिंकतोय, हे फक्त दोघांना माहीत होतं. एक सोनम, कारण ते तिच्यामुळंच होत होतं. आणि दुसरा तिच्या शेजारी बसलेला मुलगा, ज्याला तिनं तोवर जन्मात पाहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं. दोन हजार तीनचा मे महिना. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या शाळेत दर सुट्टीत उन्हाळी वर्ग भरायचे. फाटकावर भलामोठा कापडी फलक लागायचा – कॉम्प्युटर, इंग्रजी संभाषण, शिवणकाम, मेंदी, टू-व्हीलर दुरुस्ती. सोनमनं कॉम्प्युटर घेतला. नुसत्या टायपिंगवर आता नोकरी मिळत नाही, असं सगळे म्हणत होते. शिवाय अख्ख्या शाळेत एसी तेवढ्या एकाच खोलीत होता, हेही काही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण वर्गाचा पहिला दिवस आणि घरातल्या चटणीचा दिवस नेमका एकच निघाला. सकाळी आईनं तिला मिरच्या घेऊन कांडपाच्या डंकावर पिटाळलं. वर्षाची चटणी कांडून होईपर्यंत वर्गाची वेळ झाली, आणि डबे आईच्या हवाली करून सोनम होती तशीच पळत सुटली.

वेणीत, ओढणीत, बाह्यांवर सगळीकडे मिरचीची पूड. खोली बंद, एसी चालू. पहिली शिंक शेजारच्या मुलाला आली, मग मागच्या रांगेला, मग खुद्द सरांना. "एसीचा गॅस गळतोय बहुतेक," असं म्हणून सरांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

पटांगणात कडुनिंबाखाली तो मुलगा डोळे पुसत तिच्याजवळ आला.

"ब्याडगी का जवारी?"

"काय?"

"मिरची."

सोनमचे कान तापले. "…दोन्ही. निम्मी निम्मी."

"तरीच. लसूण बी जोरात हाय."

"सरांना सांगणार हाय का तुमी?"

"न्हाई की. पर गप बसायचं म्हंजे उद्या थोडी चटणी आणावी लागंल."

दुसऱ्या दिवशी तिनं डबी आणली. त्यानं डोळ्यांतून पाणी न काढता चटणी-भाकरी खाल्ली आणि म्हणाला, "झ्याक." त्याचं नाव प्रसेनजीत. कुरुंदवाडचा, बी.एस्सी. झालेला, सुट्टीपुरता कोल्हापुरात आत्याकडं राहायला आलेला.

मशीनं कमी आणि पोरं जास्त, म्हणून एका मशीनवर दोघं बसायचे. सोनमचा हात टायपिंगवर बसलेला, म्हणून कीबोर्ड तिचा. प्रसेनजीतला अक्षरं शोधत बसावं लागायचं, म्हणून माऊस त्याचा. ती लिहायची, तो पुसायचा. ती "सेव्ह कर" म्हणायची, तो मुद्दाम बाण भलतीकडंच फिरवत राहायचा… मग ती त्याच्या मनगटावर पेन्सिल मारायची. तुमी कधी गेलं आणि तू कधी आलं, दोघांनाही कळलं नाही. बुद्धपौर्णिमेला सोनम पांढऱ्या साडीत पेठेतल्या विहारात खीर वाढत होती, तर हा रांगेत उभा. खीर घेऊन गेला, आणि थोड्या वेळानं पुन्हा रांगेत.

"आत्ता नेलीस न्हवं?"

"ती आत्याला दिली," तो म्हणाला. आत्या तर समोरच बसली होती, हातात स्वतःची वाटी घेऊन. सोनमनं त्याची वाटी काठोकाठ भरली. त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि न आल्याचं वाईटही वाटलं नाही.

आणि मग मोना आली.

मोना पन्हाळ्यावरच्या हॉटेलवाल्यांची मुलगी. इंग्रजी शाळेत शिकलेली. इंग्रजी संभाषणाच्या वर्गात ती बोलायला शिकत नव्हती, शिकवायला मदत करत होती. एके दिवशी ती कॉम्प्युटरच्या दारात उभी राहिली, अत्तराचा वास आत सोडला आणि म्हणाली, "प्रसेनजीत, येतोयस ना?"

तो लगेच उठला. माऊस तसाच सोडून.

मग रोजचंच झालं. वर्ग संपत आला की मोना दारात, आणि हा तिच्यामागं. दोन वर्गांच्या मधे प्लायवुडचा पडदा होता. पलीकडून मोनाचं हसणं यायचं, मग त्याचं अडखळत काहीतरी, मग दोघांचं हसणं. इकडं कीबोर्डही सोनमचा आणि माऊसही सोनमचा. सगळं मशीन एकटीला मिळालं होतं आणि तिला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

माझं काय जातंय, असं ती स्वतःला सांगायची. पण तिचा नुसता तिळपापड होत होता. मोनाच्या केसांतला चाप तिला आवडेना, चालणं आवडेना, सगळ्या पोरींसारखं "जातो-येतो" न म्हणता "जाते-येते" असं गोड बोलणंही आवडेना. सगळ्यात जास्त राग सँडलचा. वर्गाबाहेर चपला काढायच्या, तिथं मोनाचे उंच टाचेचे सँडल त्याच्या कोल्हापुरी चपलांना अगदी खेटून असायचे. सोनमनं एकदा ते पायानं जरा लांब सारले. दुसऱ्या दिवशी आणखी लांब. तिसऱ्या दिवशी ते पार पाण्याच्या टाकीपाशी सापडले. घरी भाकरी करपली, तेव्हा आईनं विचारलं, "ध्यान कुठं हाय तुझं?"

"तव्यावर," सोनम म्हणाली. ध्यान प्लायवुडच्या पलीकडं होतं.

शेवटी तिनं विचारलंच. शक्य तितक्या सहज.

"रोज कुठं जातोस रे?"

"असंच… जरा काम हाय," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

असंच. ते एक 'असंच' तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ती राजवीरच्या मशीनवर जाऊन बसली. राजवीर भांड्यांच्या दुकानवाल्यांचा, त्याच्याकडं बोलायला एकच विषय, त्याची बुलेट. तिचा आवाज, तिचं मायलेज, तिचा नवा हॉर्न. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, पण सोनम मोठ्यांदा हसत राहिली. पलीकडच्या मशीनवर प्रसेनजीत एका बोटानं अक्षरं शोधत बसला होता. मधूनच तो इकडं बघायचा. बघितलं की तिला आतून बरं वाटायचं, आणि त्यानं नजर वळवली की पहिल्यापेक्षा जास्त वाईट.

वर्ग संपायला आले. एका दुपारी सोनम पाणी प्यायला बाहेर आली, तर व्हरांड्यात मोना प्रसेनजीतचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होती. "चला, मग आता पुण्यातच भेटू," असं म्हणून ती हसत आपल्या वर्गात गेली.

सोनम तशीच नळावर गेली. नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली. पण डोळे काही ऐकेनात.

"सोनम… काय झालं?" तो मागं उभा होता.

"काय न्हाई. चटणी झोंबली डोळ्याला."

"चटणी तुमची पहिल्याच दिवशी झाली की. अख्खा वर्ग शिंकलाय."

तो आणखी थोडा जवळ आला.

"सँडल तूच सारतीस न्हवं?"

"व्हय, मीच." आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "सारतो आणि उद्या बी सारीन. तू जा पुण्याला तिच्यासंगं. मला काय करायचंय?"

"तिच्यासंगं कशाला? मला नोकरी लागली तिथं," तो म्हणाला. "मुलाखत इंग्रजीत हुती. मोना रोज प्रश्न विचारून माझी तयारी करून घ्यायची. कालच कळलं, घेतलंय म्हणून."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"न्हाई जमलं असतं तर? मोनापुढं चुकलो तर ती हसती, मी बी हसतो. तुझ्यापुढं चुकायची लाज वाटत हुती मला." मग हळूच म्हणाला, "आणि तू त्या बुलेटवाल्याशेजारी जाऊन बसलीस. मला माऊस धरवंना झाला, माहितीय?"

हे ऐकून सोनमचा निम्मा राग उतरला. पण इतक्या लवकर विझायला ती काही तयार नव्हती.

"ती पुण्याला कशाला चाललीय?"

"कॉलेजला."

"म्हंजे तिथं बी हायच."

"पुणं मोठं हाय की."

"एवढं बी मोठं न्हाई."

तो हसला. "अगं, तिला तिखट चालत न्हाई. तुझी चटणी दिलती जरा, तर तांब्याभर पाणी प्याली."

"माझी चटणी तिला दिलीस?"

"बोटाला लावून…"

"बोटाला लावून तरी का दिलीस?"

प्रसेनजीतनं कानाला हात लावला. मग चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "आमच्या घरातली चटणी अजून राहिलीय. पाऊस लागायच्या आत करायची हाय. आई म्हणतीया, हाताखाली कुणीतरी पायजे… येतीस का कुरुंदवाडला?"

सोनमनं नळ बंद केला. वर्षाची चटणी घरच्या बायकांच्या हातची असते. परक्या मुलीला तिथं कुणी बोलवत नाही. हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं म्हणूनच त्याचे कान लाल झाले होते.

"आईंना काय सांगितलंयस?"

"एका मशीनवर बसतो म्हणून."

"एवढंच?"

"बाकीचं तिनं वळखलं."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. हसू दिसू नये म्हणून जरा जास्तच वेळ पुसलं.

"येतो," ती म्हणाली. "पण लसूण मी सांगीन तेवढाच पडणार. आणि त्या चटणीचा एक कण बी पन्हाळ्याला जाणार न्हाई."

दोघं वर्गाकडं निघाले. दाराशी तिनं आपल्या चपला त्याच्या चपलांना खेटून काढल्या. मोनाचे सँडल मात्र जाता जाता पायानं जरा लांब सारले. सवय लागली होती.