मुकुटाचा शिक्का

“सेर्वे, भिंग हलवू नकोस रे!” ओदिल खेकसली.

“मी नाही हलवत, तुझंच डोकं मध्ये येतंय!”

नदीकाठच्या त्या गावात उद्या प्रदर्शन होतं. युबेर आजोबांनी जन्मभर जमवलेली जुनी रिव्हॉल्व्हरं लिएज शहरातून लोक बघायला येणार होते. आजोबा मात्र अंथरुणाला खिळलेले. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत दोघं भावंडं कपाटं पुसत होती आणि लांबेर मामा मांडामांड करत होता.

मधल्या कपाटात आजोबांचा जीव की प्राण होता : खापरपणजोबांनी घरच्या कारखान्यात घडवलेलं रिव्हॉल्व्हर. काडतुसाच्या कुशीतून बारीक खीळ बाहेर यायची आणि घोडा तिच्यावरच आपटायचा, त्या काळातलं. एरवी ते माळ्यावर कुलूपबंद पेटीत असायचं.

ओदिलने भिंग नळीवर धरलं. लिएजच्या बंदूक-तपासनिसांचा अंडाकृती शिक्का दिसला. त्यावर चिमुकला मुकुट!

तिने पुन्हा नीट पाहिलं. “सेर्वे, शिक्क्यावर मुकुट १८९३ साली आला. आजोबांनी शंभरदा सांगितलंय!”

“मग?”

“मग काय, वेड्या! खापरपणजोबा त्याच्या कितीतरी आधी वारले! हे त्यांचं नाहीच!”

“चोरी!” सेर्वेचे डोळे चमकले. “पोलिसांना सांगू या!”

“थांब. हे कपाट मामानेच मांडलंय, आधी त्याला बोलतं करू. मी सांगते तस्सं बोलायचं, आणि हसायचं नाही.”

मामा शिडीवर फलक ठोकत होता. सेर्वे धापा टाकत गेला. “मामा, मामा! आजोबांना त्या रिव्हॉल्व्हरच्या पेटीची किल्ली सापडली! पेटी मागतायत!”

“किल्ली काय करायचीय? पेटीच भंगारात गेली तर...” मामाने जीभ चावली.

“पेटी रिकामी होती का, मामा?” ओदिलने शांतपणे विचारलं.

मामा शिडीवरून उतरला आणि खालच्याच पायरीवर मटकन बसला. “माळा आवरताना मी उघडूनच नाही पाहिली गं. गंजका डबा वाटला. नंतर लक्षात आलं, तेव्हा जुन्या बाजारातून तसलंच एक आणलं. आजोबांना कळलं असतं तर...”

“कधी दिली पेटी?”

“परवा.”

पोरांनी सायकली काढल्या. चढावर सेर्वेची साखळी निसटली. हात काळे करून त्याने ती बसवली. “अजून असेल ना गं?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता. ओदिल पुढे जोरात पायडल मारत राहिली.

भंगारवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हातमोजे काढले. “बाळांनो, तो ढीग आज सकाळीच भट्टीवर गेला. फोन करते.”

त्या बराच वेळ बोलत होत्या. शेवटी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी मामाने स्वतःच आजोबांना सगळं सांगितलं. आजोबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ओदिलला वाटलं.

“मुकुट कोणी ओळखला?” त्यांनी विचारलं.

“ओदिलने,” सेर्वे म्हणाला. “आणि मामाला मी फसवलं!”

“शाब्बास! लिएजचे भलेभले फसले असते.” आजोबांनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. “लांबेर, ते कपाट उद्या रिकामंच ठेव. खोटं त्यात नको.”

“नळीखाली तुमच्या खापरपणजोबांनी एक पान कोरलं होतं,” आजोबा डोळे मिटून म्हणाले. “कुठल्या झाडाचं गं ते?”

“ओकचं,” ओदिल म्हणाली.

“नाही, मेपलचं होतं,” सेर्वे म्हणाला.

“मला तर द्राक्षाचं आठवतंय,” मामा पुटपुटला.

तिघांनी आजोबांकडे पाहिलं. त्यांनाही आठवेना. मग त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.