नैरोबीहून सहा तास

"तो मानूस माहा नवरा नाही," शालूबाई म्हणाली. पुंजाजीच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

सन पासष्टमधली गोष्ट. खामगावचे अर्जुनराव दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर दोन वर्षं नैरोबीला होते. आता खासगी तपासाची कामं घेत. पुंजाजी त्यांचा सोबती. मनाने सोन्यासारखा, डोक्याने अंमळ सावकाश.

शालूबाईचा नवरा निवृत्ती पंधरा वर्षांपूर्वी नैरोबीला रेल्वेत लागला होता आणि तेव्हापासून घरी आला नव्हता.

"पत्रं काकासासऱ्यायच्या हाती येत. मले वाचता येत नाही. दोन वर्षं झाली, पत्र बंद. अन् आठ दिवसांखाली हा आला. घरच्या साऱ्या गोष्टी सांगते. गाव म्हणते, बाईच सटकली. येत्या परवा तो माह्या नवऱ्याचं शेत-वावर काकाच्या नावावर करून देऊन राह्यला. अन् मले म्हणते, तू माही बायको, घरात ये."



दुपारी दोघे तिच्या सासरी, पिंपळगाव राजाला पोचले. काका रंगराव ओसरीवरच होते.

"पासपोर्ट? मुंबईच्या एजंटाकडं राह्यला," ते म्हणाले. "पोरगं घरी आलं, ते काय कमी हाये?"

मग तो 'निवृत्ती' स्वतः आला. टेरिलीनचा शर्ट, मनगटावर झकास घड्याळ.

"विमानानं आलात?" अर्जुनरावांनी विचारलं.

"हाव. अठ्ठावीसशे मैल. सकाळी आठले उडालो, सहा तासांत मुंबई. विमानतळाच्या घड्याळात बराबर दोन."

"हे घड्याळ तिकडचंच?"

"नैरोबीचं. रोज चावी देतो, पण काटे कधी फिरवले नाहीत. मिनिटाचा फरक नाही."

पुंजाजीने आपलं घड्याळ पाहिलं. दोन्हीत सव्वाचार. "खरंच हो," तो कौतुकाने म्हणाला.

अर्जुनरावांनी शालूबाईला आणि पोलीस पाटलांना बोलावून घेतलं.

"नैरोबीत दिवस आपल्या अडीच तास मागून उगवतो," ते म्हणाले. "तिथं सकाळचे आठ, तेव्हा मुंबईत साडेदहा. त्यात सहा तास मिळवा. मुंबईत साडेचार वाजायला हवेत, यांचे दोनच वाजले. आणि काटे न फिरवलेलं नैरोबीचं घड्याळ पुंजाजीच्या घड्याळाशी जुळतं कसं? ते अडीच तास मागं हवं. हे गृहस्थ विमानात बसलेच नाहीत. कुणीतरी शाळेच्या नकाशावर मैल मोजले आणि मेहकरच्या एस.टी.चा हिशेब करावा तसे आठात सहा मिळवले. घरच्या गोष्टीही त्यानंच पढवल्या. पत्रं ज्याच्या हाती येत, त्यानं."

तो माणूस घामाघूम झाला. "मी अकोल्याचा, साहेब. रंगरावानं आणलं मले."

पुंजाजीला मोठा आनंद झाला. "पण रंगराव," तो म्हणाला, "उद्या खरा निवृत्ती येऊन उभा राह्यला असता तं? भेव नाही वाटलं?"

अर्जुनरावांनी मान फिरवली. हा प्रश्न त्यांना केव्हाच पडला होता. शालूबाईसमोर त्यांनी तो टाळला होता.

"त्याच्या रेल्वेतल्या सोबत्याचं पत्र आलं होतं," रंगराव खाली बघत म्हणाले. "तापानं गेला तो. दोन वर्षं झाली."

शालूबाई जोत्याला टेकून बसली.

"दोनदा वडाले फेरे घातले म्या," ती म्हणाली. "तुमी इथंच बसून पाह्यलं, काकाजी."

रंगरावांनी पेटीतून पत्र आणलं. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पुंजाजीपुढे धरलं.

"तुमी वाचा, दादा. यायच्या तोंडून नको मले."

पुंजाजी वाचू लागला. अर्ध्यात थांबून त्याने डोळे पुसले.