उन्हात उमटलेले चेहरे

"या बाकावरचे गृहस्थ कुठे गेले हो?" झोरूने विचारलं.

शाल्मलीने वळून पाहिलं. प्रदर्शनाच्या दालनाच्या दाराशी असलेला बाक रिकामा होता. "तुम्हाला कसं कळलं इथे कुणी बसलं होतं ते?"

"दिसतंय ना!" झोरू म्हणाला. तो दूरच्या ग्रहावरून मिरजेला आलेला पहिलाच पाहुणा. गळ्यातली भाषांतर-पेटी त्याचं बोलणं मराठीत ऐकवायची. शाल्मलीच्या कुंदाआत्याने देशभर हिंडून शास्त्रज्ञांचे फोटो काढले होते, सगळे कृष्णधवल (फक्त काळ्या-पांढऱ्या छटांचे). त्या प्रदर्शनाचं आज झोरूच्या हस्ते उद्घाटन होतं.

फीत कापून तो पहिल्या फोटोपुढे उभा राहिला. मग दुसऱ्या. तिसऱ्यापाशी त्याचा चेहरा पडला.

"प्रत्येक काचेत मला माझंच तोंड दिसतंय, तेही पुसट. शास्त्रज्ञ कुठे आहेत? चेष्टाच करायची होती, तर एवढ्या लांबून कशाला बोलावलंत?"

"अहो, समोरच तर आहेत!" आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले. पण झोरू तोवर अंगणात निघून गेला होता.

शाल्मली त्याच्यामागे निघाली आणि बाकापाशी थबकली. झोरूने विचारलं त्याच्या जरा आधीच रखवालदारकाका तिथून उठले होते. तिने बाकावर हात ठेवला. उबदार!

"आत्या, बाक अजून गरम आहे! त्यांना ऊब दिसते!"

आत्या म्हणाली, "अगं, खरंच की! प्रत्येक वस्तूतून अवरक्त किरण (लाल रंगाच्या पलीकडचे, आपल्याला न दिसणारे किरण) बाहेर पडत असतात. वस्तू जितकी गरम, तितके जास्त. त्यांचे डोळे तेच पाहत असणार. आणि साधी काच हे किरण आरपार जाऊ देत नाही, थोडे परतही पाठवते. म्हणून त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं."

"मग काच काढू या!"

"काढू गं. पण फोटोचा कागद सगळीकडे सारखाच गार. त्यांना नुसता कोरा कागद दिसेल."

काय करावं ते शाल्मलीला सुचेना. निदान पाहुण्याची माफी तरी मागावी म्हणून ती बाहेर धावली, तीही अनवाणी. अंगणात काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या आणि ऊन मी म्हणत होतं.

"आई गं!" काळ्या फरशीवर पाय पडताच तिने पांढरीवर उडी मारली.

झोरू खाली पाहत उभा होता. "ही चौकटींची नक्षी छान आहे," तो हळूच म्हणाला. "ही मला दिसते."

शाल्मली पाय चोळायचं विसरली. ऊन दोन्ही फरश्यांवर सारखंच होतं. पण भाजली ती काळी!

"आत्या, फोटो उन्हात आण! काच काढून!"

आत्याच्या लगेच लक्षात आलं. काळा रंग प्रकाश शोषून घेतो (स्वतःत सामावून घेतो) आणि तापतो. पांढरा रंग बराचसा प्रकाश परत फेकतो, म्हणून कमी तापतो. शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा फोटो घेऊन ती धावतच आली आणि तिने तो उन्हात धरला. सगळे भोवती जमले.

"काहीतरी उमटतंय," झोरू पुटपुटला. "केस! पण ते पेटल्यासारखे का चमकतायत? आणि गाल इतके गार?"

"काळं तेवढं तापलंय ना!" शाल्मली टाळ्या पिटत म्हणाली. "म्हणून तुम्हाला उलटं दिसतंय!"

"दात तर सगळ्यात थंड आहेत! थांबा, या बाई हसतायत!" आणि झोरू स्वतःच असा हसला, की भाषांतर-पेटीला काय बोलावं ते कळेना.

मग काय, जमलेल्या मंडळींनी काचा उतरवल्या आणि एकेक शास्त्रज्ञ अंगणात आणला. झोरू प्रत्येकापुढे वाकून नमस्कार करत होता.

शेवटी त्याने झोळीतून धातूचा एक राखाडी पत्रा काढला. त्यावर काहीच नव्हतं.

"डोळे मिट," तो शाल्मलीला म्हणाला, "आणि हात फिरव."

तिने तळवा ठेवला. इथे कोमट, तिथे गार. एक लांबट कपाळ. गरम ठिपके, एक, दोन... तीन डोळे! खाली एक उबदार रेघ, दोन्ही टोकांना वर वळलेली.

"हे कोण?"

"आमच्याकडच्या मोठ्या शास्त्रज्ञ. आमच्याकडे अशी, कधी न निवणाऱ्या उबेने काढलेली पुष्कळ चित्रं आहेत. पुढच्या खेपेला सगळी आणतो."

"आत्या, इकडे ये!" शाल्मलीने डोळे न उघडताच हाक मारली. "हात लावून बघ, यासुद्धा हसतायत!"