चौदा इंच लाल माती

लाल माती नखात गेली की आठ दिवस निघत नाही.

*

जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्रांचं दुकान. खुर्च्या दोन. एक मालकिणीची, ओनेटा ब्रॉयल्सची. दुसरी गिऱ्हाइकांसाठी, पण तिच्यावर बसायचा एकच माणूस, दर शनिवारी, कॉफी गार होईपर्यंत.

*

मासे धरणारा माशाची लांबी फुगवून सांगतो. जुन्या वस्तूंसाठी जमीन खणणारा खोली फुगवत नाही, कमीही करत नाही. तेवढीच त्याची इज्जत.

*

अशा खणणाऱ्यांच्या क्लबचं रविवारचं कार्ड, निळ्या शाईत. वस्तू: यादवी युद्धातल्या सैनिकाचं पितळी बक्कल. माती: लाल. खोली: चौदा इंच. यंत्र: माझं नेहमीचं. खणणारा: ड्वाइट क्वॉर्ल्स.

*

विजेच्या तारांजवळ पल्स जातीचा धातुशोधक डिटेक्टर उगाच किंचाळत राहतो. त्याला एकांत लागतो.

*

सोमवारी सकाळी पावणेआठला शेरिफच्या डेप्युटी टिन्स्लीने दुकानाचं दार ठोठावलं. त्याच्या हातात एक डिटेक्टर होता.

"मिस ओनेटा, हे तुमच्याकडून घेतलेलं?"

तिने चष्मा शोधलासुद्धा नाही.

"ऑर्विल क्रिगलरचं आहे. तुझ्याकडे कसं?"

"रॅपिडन नदीच्या काठावर पडलं होतं. बाजूला त्याची गाडी, किल्ली आतच. शेजारी म्हणतात, शुक्रवारपासून घरात दिवा नाही. पाय घसरून नदीत गेला असणार. पाणबुडे उतरलेत."

शुक्रवार. म्हणजे परवाच्या शनिवारी खुर्ची रिकामी राहिली ती यामुळे. ओनेटाने त्या दिवशी कॉफी दोन कप केली होती. सर्दी झाली असेल, असं स्वतःला सांगून दुसरा कप मोरीत ओतला होता. फोन उचलला होता आणि ठेवला होता. आपण कोण विचारणारे?

तिने यंत्र उलटं केलं. खाली बशीएवढी छोटी चकती. चकतीच्या कडेला वाळलेली लाल माती. वाळूचा एक कण नाही.

"टिन्स्ली, पाणबुड्यांना बाहेर काढ. ऑर्विल नदीवर गेलाच नव्हता."

"गाडी नदीवर आहे, बाई."

"गाडी कोणीही चालवतं. ही छोटी चकती लावून हे यंत्र तिथल्या मोकळ्या वाळूत कोणी चालवणार नाही."

*

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी, ऑर्विल त्याच्या खुर्चीत.

"ओनेटा, एक चांगलं यंत्र दे."

"चांगलं म्हणजे काय, ते तुझ्या जमिनीला विचार. माती कोणती?"

"लाल. विटेसारखी."

"मग साधं यंत्र विसर. त्या मातीतच लोखंड भरलंय. चार इंचांखाली साधं यंत्र ठार बहिरं होतं. पल्स घ्यावं लागेल. पण त्याला खिळा काय न् बक्कल काय, सगळं सारखंच. दिवसभर खिळे उपसत बसशील."

"बसेन की. घरी कोण वाट बघतंय?"

"जवळपास विजेच्या तारा?"

"मैलभर खांब नाही."

"मग मोठी चकती घे, खोल जाते."

"छोटी दे. दोन दगडी भिंतींच्या मधे जेमतेम हात हलतो."

"जागा तरी कोणती?"

"बायकोला सांगितली नसती."

"तुला बायको कुठेय?"

"म्हणून तर गुपित टिकलंय." तो हसला. मग उगाचच इकडेतिकडे बघत म्हणाला, "शुक्रवारी तुझं दुकान उघडं असतं, नाही?"

"असतंच. का?"

"काही नाही."

*

टिन्स्ली ऐकत होता. "म्हणजे लाल माती, खांब नाहीत, दगडी भिंती..."

"हमरस्त्याच्या या बाजूलाच लाल माती आहे. वीज नाही अशी तिथे एकच जागा: ब्रॉडस टेकडी. घर कधीच जळलं. तळघर उरलंय." ओनेटाने कोट चढवला आणि जाता जाता एक फोन लावला.

"ड्वाइट, मी ओनेटा. ऑर्विलचं कळलं?"

"आत्ताच. वाईट झालं गं."

"शुक्रवारी कुठे जाणार होता, काही बोलला होता?"

"नदीवर. मला म्हणाला होता ना. मी सांगितलंही, एकटा जाऊ नकोस."

"आणि तुझं कालचं बक्कल? कुठे खणलंस?"

"का गं? एका ओळखीच्याची खाजगी जमीन आहे."

"कार्डावर चौदा इंच लिहिलंयस."

"चौदाच होतं. टेप लावून मोजलं मी." आवाजात अभिमान होता.

"बरं," ओनेटा म्हणाली आणि फोन ठेवला.

*

ब्रॉडस टेकडीवर दहिवर अजून वितळलं नव्हतं. तळघराची एक भिंत आत कोसळली होती. दगडांखाली ऑर्विल कमरेपर्यंत अडकलेला. डोळे मिटलेले. हाताशी रिकामा थर्मास, आणि हॅम घातलेल्या पावाचा कागद, नीट चौकोनी घडी घातलेला.

टिन्स्लीने गळ्यावर बोटं ठेवली आणि नकारार्थी मान हलवली.

ओनेटा खाली बसली. ऑर्विलच्या बाजूला खिळ्यांचा ढीग होता, सत्तर-ऐंशी तरी. पलीकडे एक खड्डा. उघडा. गवताचा तुकडा बाजूला तसाच पडलेला. जो माणूस खड्डा बुजवून वर गवत थापल्याशिवाय पाणी पीत नसे, त्याने हा उघडा टाकला नव्हता. त्याला बुजवायला कोणी वेळच दिला नव्हता.

तिने टेप लावली. चौदा इंच.

*

ड्वाइट घरापुढच्या ओट्यावर बसला होता. घर नदीपासून चालत दहा मिनिटांवर. बक्कल मांडीवर, काचेच्या पेटीत.

"ये ओनेटा. सापडला का?"

"सापडला. नदीत नाही."

ड्वाइटने टिन्स्लीकडे पाहिलं.

"तुझं नेहमीचं यंत्र मीच विकलंय," ओनेटा म्हणाली. "लाल मातीत काही ऐकू येत नाही म्हणून दोनदा परत घेऊन आलास. दोन्ही वेळा मी सांगितलं, यंत्र ठीक आहे, माती वाईट आहे. पल्स घे म्हटलं, घेतलं नाहीस. त्या यंत्राने लाल मातीत चौदा इंचांवरचं बक्कल लागणं शक्य नाही."

"नशिबाने लागलं. उगीच खणत होतो."

"बरं. मग खिळे दाखव."

"कसले खिळे?"

"एका बक्कलामागे माणूस बादलीभर खिळे उपसतो. तुझे कुठेत? ऑर्विलचे त्याच्या शेजारी पडलेत. या काउंटीत पल्स यंत्रं दोन. एक माझ्या दुकानात, न विकलेलं. दुसरं ऑर्विलचं. चौदा इंचांचा उघडा खड्डा ब्रॉडसच्या तळघरात आहे. यंत्र खोटं लिहिलंस, खणणारा खोटा लिहिलास, ड्वाइट. खोली मात्र खरी लिहिलीस. तिथे तुझा हात धजला नाही."

वाऱ्याने अंगणातली पानं सरकली.

"मी नाही मारलं त्याला," ड्वाइट म्हणाला. "भिंत पडली. आपली आपण."

"आणि गाडी? तीही आपली आपण नदीवर गेली? आणि छोट्या चकतीचं ते यंत्रही?" टिन्स्लीने विचारलं.

"मला वाटलं, संपला. नदीजवळ गाडी आणली. छोटी चकती, मोठी चकती, मला काय कळतं? यंत्र काठावर ठेवलं आणि चालत घरी आलो."

"ओरडला नाही तो?" ओनेटाने विचारलं.

ड्वाइटने पेटीवरचा अंगठा मागेपुढे फिरवला.

"नावाने हाक मारत होता. माझ्या. मी म्हटलं, मदत आणतो. खरंच आणणार होतो. पण बक्कल खिशात होतं. चाळीस वर्षं, ओनेटा! चाळीस वर्षं मी क्लबच्या टेबलावर घोड्यांचे गंजलेले नाल मांडले, आणि सगळे त्याच्या वस्तू बघायला उठून जायचे."

"त्याने तुला नेलंच कशाला? जागा कोणाला सांगायचा नाही तो."

"म्हणाला, काहीतरी मोठं निघणार बघ. निघेल तेव्हा कोणीतरी शेजारी हवं." ड्वाइटने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आधी तुलाच विचारणार होता. पण शुक्रवारी तुझं दुकान उघडं असतं."

टिन्स्लीने त्याला उठवलं. पेटी ओनेटाच्या हातात आली. बक्कलाच्या मागच्या आकड्यात लाल माती तशीच होती. क्लबचा नियमच तो: वस्तू न धुता आणायची.

*

डॉक्टरने मृत्यूची वेळ रविवारी रात्री नऊच्या सुमाराची लिहिली.

रविवारी दुपारी दोन वाजता, क्लबात, ओनेटाने ते बक्कल तळहातावर घेतलं होतं आणि म्हणाली होती, "नशीब काढलंस, ड्वाइट."