धीर देणारा माणूस

वीर स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात यज्ञेश्वरला स्वतः उतरायचं होतं आणि एक सूर्यही उतरवायचा होता.

सूर्य पुठ्ठ्याचा होता. पिवळाधमक, बारा किरणांचा, मधोमध हसरं तोंड. पनवेलच्या प्रशिक्षणात त्यानं तो स्वतः कापून रंगवला होता. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. पहिलीच्या पोरांनी पहिल्या दिवशी दारातल्या सूर्याला हात लावायचा आणि मग वर्गात शिरायचं, अशी त्याची कल्पना. सूर्य कसाबसा उतरला, फलाट ओलांडून बाहेर आला आणि कोंडाजीच्या रिक्षात शिरला. रिक्षात एक तरुणी आधीच बसलेली होती.

"तीन शिटा झाल्याशिवाय म्हाडला रिक्षा निघत नाय," कोंडाजी म्हणाला. मग सूर्याकडे बघून त्यानं मान हलवली. "चला. ह्यालाच तिसरा धरतो."

रिक्षा खड्ड्यांतून उड्या मारत महाडकडे निघाली. थोड्या वेळानं आवाज आला,

"अहो... तुमचा सूर्य माझ्या मानेत टोचतोय."

"माफ करा हां. बाहेर ढगांनी जागा दिली नाय त्याला, म्हणून आत आणलाय."

तिला हसायचं नव्हतं. चेहऱ्यावरून तर ती आत्ताच रडून बसलेली दिसत होती. तरी हसू फुटलंच. सूर्याच्या दोन किरणांमधून यज्ञेश्वरला तिचा एक डोळा आणि गालावरची खळी तेवढी दिसली. माणसाला अडकायला तेवढं पुरतं.

"नाय, हाय..." ती पुटपुटली. "सहा वर्षं झाली इथं येऊन, अजून मला तुमच्यासारखं बोलता येत नाही."

"मग कुठल्या तुम्ही?"

"बार्शीची. पोलादपूरच्या वर डोंगरात शिकवते. म्हणजे... परवापर्यंत शिकवते." तिनं मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. "राजीनामा आहे यात."

कोंडाजीनं आरशातून मागं पाहिलं.  मग ती बोलत सुटली. अनोळखी माणसाशी बोलणं सोपं असतं. अकरा मुलं, चार इयत्ता आणि ती एकटी. जोडीचे गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. वर फोनला रेंज नाही; आईशी बोलायचं तर तासभर डोंगर उतरायचा. आई बार्शीला एकटी. आपल्या जिल्ह्यात बदली मिळावी म्हणून अर्ज केला, त्यालाही दोन वर्षं झाली.

"बरोबर आहे तुमचं," यज्ञेश्वर म्हणाला.

तिला हे अपेक्षित नव्हतं. "बरोबर आहे?"

"हो. फक्त परवा एक दिवस जाऊन या. पोरं फुलं घेऊन उभी असतील. त्यांना कुणीतरी सांगायला हवं ना, की बाई चालल्यात म्हणून. राजीनामा काय, तेरवाही देता येतो."

ती गेली. शाळेच्या पायरीवर अकरा मुलं उभी होती. सर्वांत लहान पोरीच्या हातात सदाफुलीची दोन फुलं होती, मुठीत धरून धरून कोमेजलेली. पोरीनं फुलं पुढं केली नाहीत, आधी विचारलं, "बाई, तुमी जानार तं नाय ना?"

राजीनामा पिशवीतच राहिला.

*

पुढच्या शनिवारी पोलादपूरला शिक्षण परिषद भरली. केंद्रातल्या शाळांचे सगळे शिक्षक जमले होते. रिक्षातली ती बार्शीची बाई, सुमेधा, शेवटच्या बाकावर बसली आणि समोर बघते तर काय, पुठ्ठ्याच्या सूर्यवाला माइक हातात घेऊन उभा!

यज्ञेश्वर साधन व्यक्ती होता. शाळा-शाळांतून फिरायचं, शिकवायच्या नव्या तऱ्हा दाखवायच्या आणि जूनमध्ये मास्तर लोकांच्या मनाला उभारी द्यायची, हे त्याचं काम. नोकरी करारावरची. दर वर्षी करार संपायचा आणि नवा आदेश येईपर्यंत जीव टांगणीला. पण बोलायला उभा राहिला की हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

"पहिल्या दिवशी पोर फळ्याकडे बघत नाही," तो सांगत होता. "ते तुमच्या तोंडाकडे बघतं. घरचं ओझं दारात उतरवा. आणि एकटे आहोत असं मानू नका. तुम्ही जिथं उभे राहाल, तिथं शाळा उभी राहील."

टाळ्या पडल्या. सुमेधानं वाजवल्या नाहीत. चहाच्या वेळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"फसवलंत मला. धंदाच आहे तुमचा हा."

"धंदा आहे खरा. पण रिक्षात सुट्टीवर होतो."

"मग ते फुकटचं होतं?"

"छे. एक चहा लागतो. शाळेवर येईन, तेव्हा द्या."

महिन्यातून एक भेट पुरली असती. यज्ञेश्वर त्या डोंगरावर तीन-तीन वेळा चढू लागला. श्रावणात धुक्यातून वाट दिसायची नाही. पोरांच्या पाढ्यांच्या आवाजाच्या रोखानं तो शाळा गाठायचा. पोचायचा तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्यावर थेंब आणि पिशवीत कसली तरी मण्यांची माळ नाहीतर चित्रांचे पत्ते. सुमेधा काही न बोलता रुमाल पुढं करायची. तो चष्मा पुसायचा, आणि पुसता पुसता रुमाल परत द्यायचा विसरायचा.

शाळेत येणाऱ्या साहेबानं शेरेबहीत दोन ओळी लिहून जायच्या असतात. यज्ञेश्वर शाईनं लिहायचा, 'वाचन समाधानकारक.' खाली पेन्सिलीनं, 'चहात साखर कमी.' पुढच्या खेपेला त्याखाली पेन्सिलीनंच उत्तर असायचं, 'साहेबांच्या बोलण्यात फार आहे, म्हणून.' मोठे साहेब यायच्या आत सुमेधा ते खोडरबरानं पुसून टाकायची. एकदा त्यानं लिहिलं, 'बाईंनी आज निळी साडी नेसली आहे, मुलांचं लक्ष विचलित होतं.' उत्तर आलं, 'मुलं तक्रार करत नाहीत. तक्रारदारानं नाव लिहावं.'

नाव त्यानं लिहिलं नाही. तिथंच सगळं अडलं.

शाळेचा भात शिजवायला गोदूबाई असायची. साठी उलटल्यावर ती सुमेधाकडे अक्षरं गिरवायला बसू लागली होती. पहिलीच्या पोरांत पाटी घेऊन बसायची आणि पोरं हसली की त्यांनाच चिमटा काढायची. मार्चमध्ये तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं. बराच वेळ ती त्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "येवढीच व्हय मी?" सुमेधा हसता हसता रडली. यज्ञेश्वर खिडकीशी उभा राहून ते बघत होता. गोदूबाईनं त्याचं बघणं बघितलं.

"मास्तर, धा गावच्या बायामास्तरांना धीर देत फिरतोस. तुजा तुला कोन देनार रे?"

"मला काय झालंय, आजी?"

"मना काय इचारतोस? मना आता वाचता येतं."

*

एप्रिल संपत आला होता. शाळेमागच्या उतारावर पोरं करवंदं तोडत होती. जांभळीच्या सावलीत सुमेधा बसली होती, ओंजळीत करवंदं, बोटं काळी-जांभळी झालेली.

"बदली आली," ती म्हणाली. "सोलापूर जिल्हा."

यज्ञेश्वरच्या हातातलं करवंद हातातच राहिलं.

"आता नको असेल तर नाव मागं घेता येतं. शनिवारी पाचपर्यंत मुदत आहे. एकदा गेलं की मात्र परत इकडं येता येत नाही." ती थांबली. करवंदाचा देठ खुडत राहिली. "काय करू? ...जाऊ?"

'नका जाऊ.' दोनच शब्द. ते त्याच्या ओठांपर्यंत आलेसुद्धा. पण त्याच क्षणी त्याला आपला करार आठवला, पुढच्या वर्षी असेल की नसेल कोण जाणे. डोंगरकुशीतलं आपलं शेणानं सारवलेलं घर आठवलं. बार्शीला एकटी असलेली तिची आई आठवली. मी कोण हिला अडवणार? असं वाटलं, आणि ओठांवरचे शब्द गिळून त्यानं ते काढलं, जे त्याला झोपेतही म्हणता आलं असतं.

"जावंसं वाटत असेल तर जा, मॅडम. तिथंही मुलंच आहेत. घाबरायचं कशाला? तुम्ही जिथं उभ्या राहाल, तिथं शाळा उभी राहील."

सुमेधानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. उशिरा आलेलं पत्र फाडावं की वाचावं हे कळत नाही, तसं.

"हे तुम्ही जूनमध्ये बोलला होतात. माइकवर. शब्दन्‌ शब्द."

"म्हणजे मला असं..."

"मी आत्ता सभेला आलेली नाही, यज्ञेश्वर."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती. तिनं ओंजळ पोरांच्या टोपलीत रिकामी केली आणि शाळेकडे चालू लागली. तो उभा राहिला, दोन पावलं गेलाही. पण तेवढ्यात पोरांनी त्याला घेरलं, "सर, सर, माजी बगा, माजी जास्त!" आणि तो त्यांची करवंदं बघत राहिला.

मग आला शनिवार.

यज्ञेश्वर पोलादपूरच्या कचेरीत बसून होता. पुढ्यात कागद, पण नजर घड्याळाकडे. सकाळपासून तीनदा त्यानं फोन काढला आणि तीनदा ठेवला. सुमेधा वर डोंगरात. तिथं रेंज कुठली? लागणार नाही फोन, त्यानं स्वतःची समजूत घातली. दुपारी वर जाणारी एसटी दारावरून गेली. तिलाही त्यानं जाऊ दिलं. भित्र्या माणसाला कारण शोधावं लागत नाही, कारणच त्याला शोधत येतं. पाच वाजले. शिपायानं खिडक्या लावायला घेतल्या.

मे महिन्यात सुमेधा कार्यमुक्त होऊन गेली. निरोपाच्या दिवशी यज्ञेश्वर पनवेलला प्रशिक्षणात होता. तिथं त्याचं भाषण फार चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

*

पुन्हा जून आला. सुमेधाच्या जागी कुणी हजर झालं नव्हतं. पहिल्या दिवशी शाळा बंद राहू नये, म्हणून यज्ञेश्वर स्वतःच वर गेला.

पोरं पायरीवर उभी होती. नऊच. दोघं आईबापांबरोबर मुंबईला गेली होती. एकाच्याही हातात फूल नव्हतं. त्यानं दार उघडलं, हसला, हजेरी घेतली, गाणं म्हटलं. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याच्या खांद्यावरून मागं वाटेकडेही बघत होती. आणखी कुणी येतंय का म्हणून.

दुपारी शाळा लवकर सुटली. गोदूबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. तिला राहवलं नाही.

"शनवारी फोन का नाय केलास रे?"

"कुठल्या शनिवारी?"

"नाव मागं घ्याचं, त्या."

"आजी, इथं रेंज कुठाय?"

गोदूबाई चुलीपाशी खाली बसली. "पोर हितं व्हती कुटं? पयल्या गाडीनं म्हाडात गेली. म्हनली, आजी, तितं फोन हमखास लागतो. दिसभर एसटी स्टँडावर बसलेली, फोन हातात धरून. पाच वाजले तवा उटली." तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "रातच्याला आली ती भात नाय जेवली. मी म्हनलं, गो, तूच का नाय केलास? तं म्हनली, मी इचारलं हाय, आजी. आता त्यानं सांगायचं."

यज्ञेश्वरनं हातातला घास ताटात ठेवला. पोलादपूरपासून महाड किती ते? अर्ध्या तासाची वाट. ती त्याच्यासाठी रेंज शोधत खाली उतरली होती, आणि तो तिला रेंज नाही म्हणून कचेरीत बसला होता.

तो तसाच उठला. पाऊस होता, वाट निसरडी. छत्री शाळेतच राहिली. दोनदा पडला. तासाची वाट त्यानं पाऊण तासात उतरली. वळणावरच्या वडाखाली फोनवर एक रेघ उमटली. मग दुसरी. त्यानं नंबर लावला.

तीन वेळा वाजला.

"बोला, सर."

मागं मुलांचा कलकलाट ऐकू येत होता. मधली सुट्टी असावी. सर म्हणाली ती. नाव पुन्हा कुठंतरी ठेवून दिलं होतं.

"शाळा... सुरू झाली तुमची?"

"झाली. एकोणचाळीस मुलं आहेत वर्गात. तिकडं कोण आलंय?"

"कुणी नाही. मीच गेलो होतो."

"तुम्ही?" तिच्या आवाजात क्षणभर जुनं हसू येऊन गेलं. "मग त्यांना सोडू नका हां. नवीन बाई येईपर्यंत तरी जात राहा. ती पोरं माणसाच्या जाण्याला फार भितात."

"सुमेधा... मला आत्ता कळलं. त्या शनिवारचं."

पलीकडचा कलकलाट लांब गेला; ती बाजूला झाली असावी. मग ती हळूच म्हणाली, "आईनं एक स्थळ बघितलं होतं. बार्शीचेच आहेत. मे महिन्यात मी होकार दिला. दिवाळीनंतर आहे... चांगले आहेत ते."

वडाच्या पानांवरून पाणी त्याच्या मानेवर गळत होतं. त्यानं डोळे मिटले. एवढ्या शिक्षकांना त्यानं उभं केलं होतं. आपल्या पायांना सांगायला त्याच्यापाशी एक शब्द नव्हता.

"मला त्या दिवशी वेगळं बोलायचं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"आता बोलून काय उपयोग?"

"उपयोग नाही काही." ती थांबली. "पण ऐकायचं राहिलंय माझं. बोला."

पाऊस जोरात आला. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला, शब्द वाटेत भिजू नयेत म्हणून.

"जाऊ नका," यज्ञेश्वर म्हणाला. "...जाऊ नको, सुमेधा."

तिचा श्वास तेवढा ऐकू आला. मग तिकडं घंटा झाली, आणि कुणीतरी लहानसं पोर अगदी तिच्याजवळ येऊन ओरडलं, "बाई, चला ना!"

"आले रे," सुमेधा म्हणाली.